लिनक्स फायरवॉलमधल्या स्वतःच्या चेन: शेवटचा रूल संपल्यावर पॅकेट कुठे जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेबियन लिनक्सचा एक सर्व्हर, त्यावर आयपीटेबल्स ही फायरवॉलची आज्ञा. तिच्या इनपुट चेनमध्ये, म्हणजे आत येणारं प्रत्येक पॅकेट (माहितीचा तुकडा) ओळीने तपासणाऱ्या यादीत, वर्षानुवर्षं साठत गेलेले ऐंशीएक रूल. एसएसएच (दुरून लॉगिन) फक्त तीन ऑफिसांतून, पोस्टग्रेस डेटाबेसचा ५४३२ पोर्ट त्याच ऑफिसांना आणि एका ॲप्लिकेशन सर्व्हरला, वेबसाइट सगळ्यांना खुली, शिवाय डॉकरवर काही कंटेनर (आपापल्या वेगळ्या कप्प्यात चालणारे प्रोग्राम). प्रश्नकर्त्यांनी दोन चेन केल्या. 'ऑफिस' चेनमध्ये रूल टाकले, पण त्यांचे काउंटर (रूल किती पॅकेटना लागला तो आकडा) शून्यावरच आहेत. 'बंदी' चेनमध्ये त्रास देणारे पत्ते ड्रॉप केले (त्यांची पॅकेट गुपचूप टाकून दिली), तरी त्यातला एक पत्ता वेबसाइटवर येतोच आहे. त्यांचं विचारणं असं: चेन सर्व्हिसप्रमाणे पाडाव्यात की पत्त्यांप्रमाणे? त्यामुळे वेग वाढतो का? की हे सगळं फक्त नीटनेटकं दिसण्यासाठी?

चेन कशा पाडायच्या याकडे मी शेवटी येतो, कारण तुमची अडचण त्याच्या आधीची आहे. पॅकेट तुमच्या चेनमध्ये शिरतं कधी, आणि तिथला शेवटचा रूल संपल्यावर जातं कुठे, या दोन गोष्टी निसटल्या आहेत. पंधराएक वर्षं लहानमोठे सर्व्हर सांभाळताना मी पाहिलेल्या फायरवॉलच्या बहुतेक चुका याच दोन जागी होत्या, माझ्या स्वतःच्याही.

आधी शून्य काउंटर. टेबल म्हणजे एका कामाच्या चेनचा गट. फिल्टर टेबलमधल्या इनपुट, फॉरवर्ड आणि आउटपुट या तीन चेनमध्ये पॅकेट कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः घालतो. तुम्ही केलेल्या चेनकडे तो आपण होऊन कधीच वळत नाही. एखाद्या रूलने 'जे' (-j) पर्याय लावून पॅकेट तिकडे धाडलं तरच ती चालते. रूलची यादी काढली की तुम्ही केलेल्या प्रत्येक चेनच्या नावापुढे तिचे किती 'रेफरन्सेस' आहेत ते दिसतं. तुमच्या 'ऑफिस'पुढे शून्य असेल तर चेन केली, भरली, पण तिला बोलावणारा रूल लिहायचा राहिला. शून्य नसेल तर बहुधा बोलावणारा रूल फार खाली पडला आहे. 'ए' (-A) पर्यायाने रूल नेहमी शेवटी चिकटतो, आणि तुमच्या यादीत वर कुठेतरी २२ नंबरच्या, म्हणजे एसएसएचच्या पोर्टला ॲक्सेप्ट करणारा जुना रूल असणार. पॅकेट तिथेच आत गेलं, खालपर्यंत आलंच नाही. म्हणून ओळींचे नंबर दाखवून यादी काढा आणि 'आय' (-I) पर्यायाला नंबर देऊन रूल हव्या त्या जागी घाला.

आता दुसरी गोष्ट, आणि हीच जास्त महत्त्वाची. इनपुटला पॉलिसी असते: एकही रूल लागू पडला नाही तर ॲक्सेप्ट की ड्रॉप, हे ठरलेलं असतं. तुमच्या चेनला पॉलिसी देताच येत नाही. तिथले सगळे रूल संपले आणि निकाल लागला नाही, तर पॅकेट जिथून आलं त्या चेनमध्ये परततं आणि ज्या रूलने पाठवलं होतं त्याच्या पुढच्या रूलपासून प्रवास चालू ठेवतं. 'रिटर्न' हे टार्गेट (रूल लागू पडल्यावर करायची कृती) हेच मध्येच घडवून आणतं. म्हणजे तुमची चेन ही वाटेतली एक चौकशीची खिडकी आहे. तिथे काम झालं नाही तर माणूस पुन्हा मूळ रांगेत लागतो.

परत जाणारं पॅकेट जितकं सौम्य, तितका ॲक्सेप्ट कठोर. तुमच्या चेनमध्ये ॲक्सेप्ट झालं की ते फक्त त्या चेनपुरतं मान्य होत नाही. त्या टेबलच्या इनपुटचा सगळा प्रवास तिथेच संपतो. पुढे इनपुटमध्ये कितीही कडक रूल असोत, ते पॅकेट त्यांना दिसणारच नाही. नवीन माणूस इथे हमखास फसतो. त्याला वाटतं, 'ऑफिस' चेनमधला ॲक्सेप्ट म्हणजे ऑफिसची तपासणी पास झाली, आता पुढची तपासणी. तसं काही नसतं. 'पास झालं, पुढे जाऊ द्या' असं म्हणायचं असेल तर तिथे रिटर्न लिहायचं.

म्हणून मी चेन दोनच जातींच्या करतो. पहिली चाळणी: ती फक्त ड्रॉप करते, बाकीचं परत पाठवते, ॲक्सेप्ट कधीच करत नाही. दुसरी निकाल: तिच्यात शिरलेलं एकही पॅकेट परत येत नाही, शेवटचा रूल बिनशर्त ड्रॉप किंवा रिजेक्ट (नकार कळवून अडवणं) असतो. चेनच्या नावातच मी तिची जात लिहितो. दोन्ही वागणुकी एकाच चेनमध्ये मिसळलेल्या दिसल्या की मी ती फोडतो, कारण सहा महिन्यांनी ती वाचणाऱ्याला शेवटी काय होतं ते सगळे रूल मनात चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही. चाळणीचा चांगला नमुना बहुधा तुमच्याच मशीनवर असेल. फेलटूबॅन (वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्या पत्त्यांवर बंदी घालणारा प्रोग्राम) एसएसएचसाठी स्वतःची चेन करतो, तिला इनपुटमध्ये अगदी पहिल्या जागी घालतो, बंदीचे पत्ते तिच्यात वर टाकत जातो आणि तळाशी रिटर्न ठेवतो. तो रिटर्न तांत्रिकदृष्ट्या नसला तरी चाललं असतं, पण वाचणाऱ्याला हेतू कळतो. मीही माझ्या चाळण्यांच्या शेवटी तो मुद्दाम लिहितो.

परत जाण्याच्या या स्वभावाचा फटका मला एकदा चांगलाच बसला आहे. एका ग्राहकाकडे डेटाबेसच्या पोर्टसाठी निकाल जातीची चेन होती: परवानगीचे चारपाच पत्ते आणि तळाशी ड्रॉप. त्यातले दोन पत्ते बदलते होते, म्हणून एक स्क्रिप्ट दर तासाला चेन पुसून नव्याने भरायची, आणि पत्त्यांच्या जागी तिच्यात डीएनएसची नावं लिहिलेली होती. आयपीटेबल्स असं नाव रूल घालतानाच एकदा सोडवून पत्ता करून ठेवतो. एका रात्री डीएनएस उत्तर देईना. चेन पुसली गेली, पहिलाच रूल घालताना चूक आली आणि स्क्रिप्ट तिथेच थांबली. चेन रिकामी राहिली. रिकाम्या चेनमधून पॅकेट सरळ इनपुटमध्ये परतलं, तिथे पुढे त्याला अडवणारं काही नव्हतं आणि इनपुटची पॉलिसी ॲक्सेप्ट होती. सकाळी डेटाबेसच्या लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न दिसले तेव्हा कळलं की पोर्ट रात्रभर जगाला उघडा होता. पासवर्ड मजबूत होते म्हणून निभावलं. रिकामी चेन म्हणजे बंद दार, ही माझी समजूत त्या दिवशी गेली.

त्यानंतर तीन सवयी लागल्या. इनपुटची पॉलिसी ड्रॉपच ठेवायची, म्हणजे एखादी चेन रिकामी पडली तर सर्व्हिस बंद पडेल, उघडी पडणार नाही. बंद पडलेल्या सर्व्हिसचा फोन पाच मिनिटांत येतो. उघड्या पडलेल्या सर्व्हिसचा कुणीच करत नाही. दुसरी सवय, रूलमध्ये पत्ते आकड्यांतच लिहायचे. तिसरी, चालू सर्व्हरवर चेन एकेक रूल करून पुसायची-भरायची नाही. त्यासाठी आयपीटेबल्स-रिस्टोअर या फाइलमधून रूल भरणाऱ्या आज्ञेला 'नोफ्लश' पर्याय द्यायचा. फाइलमध्ये ज्या चेनचं नाव सुरुवातीला जाहीर केलं आहे तेवढीच चेन पुसून नव्याने भरली जाते, बाकीच्या चेन जशाच्या तशा राहतात, आणि एका टेबलचा सगळा बदल कमिटच्या ओळीला एकदमच लागू होतो. फाइलमध्ये चूक असेल तर काहीच बदलत नाही, जुनी चेन चालू राहते. माझ्या दृष्टीने स्वतःच्या चेन करण्याचं हे सगळ्यात भक्कम कारण आहे: ऐंशी रूलच्या घरातली एकच खोली आवरता येते, बाकी घराला हात न लावता.

मग तुमची 'बंदी' का लागत नाही? इथे परिस्थितीवर अवलंबून आहे. 'बंदी'ला बोलावणारा रूल ८० आणि ४४३ पोर्टच्या ॲक्सेप्टखाली असेल तर कारण वरचंच. पण वेबसाइट डॉकरच्या कंटेनरमध्ये असेल तर इनपुटमध्ये काहीही लिहा, उपयोग होणार नाही. डॉकर कंटेनरचा पोर्ट बाहेरच्यांसाठी खुला करतो तेव्हा नॅट या पत्ते बदलणाऱ्या टेबलमध्ये पॅकेटचा मुक्कामाचा पत्ता बदलून कंटेनरचा करतो. तिथून पुढे ते पॅकेट या मशीनसाठीचं राहत नाही, पुढे पाठवायचं होतं, आणि इनपुटऐवजी फॉरवर्डमधून जातं. यासाठीच डॉकरने 'डॉकर-यूझर' नावाची चेन मोकळी ठेवली आहे. ती डॉकरच्या स्वतःच्या रूलच्या आधी तपासली जाते. तुमची 'बंदी' इनपुटमधून बोलवा आणि डॉकर-यूझरमधूनही बोलवा. चाळणी जातीची चेन असल्याने ती दोन्हीकडून निर्धास्त वापरता येते, ॲक्सेप्ट नसल्याने कुठेच चुकून दार उघडत नाही.

डॉकर-यूझरमध्ये एक खाच आहे. तिथे पॅकेट पोचतं तेव्हा पत्ता आणि पोर्ट आधीच बदललेले असतात. बाहेर ८०८० आणि कंटेनरमध्ये ८० असेल तर ८०८० तपासणारा रूल कधीच लागणार नाही. मूळ पोर्ट हवा असेल तर कॉनट्रॅक या जोडण्यांची नोंद ठेवणाऱ्या मॉड्यूलचा 'सीटीओरिगडीएसटीपोर्ट' (--ctorigdstport) हा पर्याय लागतो. पाठवणाऱ्याचा पत्ता इथे सहसा तसाच राहतो, त्यामुळे तुमच्या 'बंदी'ला याची झळ नाही.

आता सर्व्हिसप्रमाणे की पत्त्यांप्रमाणे. माझा निकष असा: ज्या गोष्टी एकत्र बदलतात त्या एका चेनमध्ये. तुमच्याकडे ऑफिसचे पत्ते बदलले की एसएसएच आणि पोस्टग्रेस दोन्हीकडे बदलावे लागतात, म्हणून पत्ते एकाच जागी हवेत. पोर्टची अट बोलावणाऱ्या रूलमध्ये ठेवायची: टीसीपी, पोर्ट २२, जा 'ऑफिस'कडे. टीसीपी, पोर्ट ५४३२, जा 'ऑफिस'कडे. आणि 'ऑफिस'च्या आत फक्त पत्ते: पहिलं ऑफिस ॲक्सेप्ट, दुसरं, तिसरं, शेवटी ड्रॉप. ॲप्लिकेशन सर्व्हरला फक्त पोस्टग्रेस द्यायचं आहे, म्हणून त्याचा ५४३२ साठीचा ॲक्सेप्ट इनपुटमध्येच, 'ऑफिस'ला बोलावणाऱ्या रूलच्या वर. तो खाली ठेवलात तर 'ऑफिस'च्या तळाचा ड्रॉप त्याला आधीच गिळेल.

या रचनेत एक धोका आहे, तो माहीत असू द्या. 'ऑफिस'मध्ये ॲक्सेप्ट आहे आणि पोर्टची अट बाहेर आहे. उद्या कुणी घाईत पोर्टची अट न लिहिता 'ऑफिस'ला बोलावलं, तर ऑफिसांना सगळे पोर्ट उघडतील आणि बाकी सगळ्या जगासाठी वेबसाइटसकट सगळं बंद होईल. म्हणून अशा चेनला बोलावणाऱ्या प्रत्येक रूलवर मी कॉमेंट मॉड्यूलने एक ओळ लिहून ठेवतो.

आणि हेही सांगतो: चेनमध्ये निव्वळ पत्त्यांची यादीच असेल, तर बऱ्याचदा चेनपेक्षा आयपीसेट बरा. पत्ते एका संचात ठेवायचे आणि एकाच रूलने तो संच तपासायचा. रूल एकामागून एक तपासले जातात, पण संचात पत्ता शोधताना हॅशचा उपयोग होतो, त्यामुळे दहा पत्ते असोत की दहा हजार, फारसा फरक पडत नाही. बदल करायचा तर नवा संच बाजूला पूर्ण भरून 'स्वॅप'ने एका क्षणात अदलाबदल करता येते. तुमच्या तीन ऑफिसांना चेन पुरे. 'बंदी' मात्र मी संचातच ठेवली असती.

वेगाचा प्रश्न यातच निम्मा संपला. उरलेला निम्मा असा: इनपुटच्या अगदी वर लूपबॅक (मशीनची स्वतःशीच होणारी वाहतूक) आणि त्यापाठोपाठ एस्टॅब्लिश्ड-रिलेटेडला (आधीच चालू असलेल्या किंवा तिच्याशी संबंधित जोडणीला) ॲक्सेप्ट करणारे रूल ठेवा. चालू जोडणीची पॅकेट दुसऱ्याच ओळीला आत जातात, खालचे ऐंशी रूल फक्त नव्या जोडणीच्या पहिल्या पॅकेटला सोसावे लागतात. वेग वाढवण्यासाठी चेन पाडायची वेळ माझ्यावर क्वचितच आली आहे. याचीच दुसरी बाजू लक्षात ठेवा: 'बंदी' या रूलच्या खाली असेल तर आधीपासून चालू असलेली जोडणी बंदी घातल्यावरही चालूच राहते. ती तोडायची असेल तर 'बंदी' वर न्या, किंवा कॉनट्रॅकच्या आज्ञेने ती नोंद पुसा.

चेनचा मला सर्वात आवडणारा उपयोग मात्र वेगळाच आहे. एका रूलला एकच टार्गेट देता येतं. 'लॉग करा आणि ड्रॉप करा' असं एका रूलमध्ये लिहिता येत नाही. लॉग हे निकाल न लावणारं टार्गेट, नोंद झाली की पॅकेट पुढच्या रूलकडे जातं. चेन नसेल तर प्रत्येक अट दोनदा लिहावी लागते, एकदा लॉगसाठी, एकदा ड्रॉपसाठी, आणि कधीतरी एक बदलून दुसरी बदलायची राहते. म्हणून 'नोंदवून टाक' अशी दोन रूलची चेन करायची: पहिला लिमिट मॉड्यूलसह लॉग, दुसरा ड्रॉप. लिमिटला काही सांगितलं नाही तर तो सरासरी तासाला तीन आणि सुरुवातीला पाच इतकंच सोडतो, तेव्हा आपला आकडा स्वतः द्या. इथे लक्षात घ्यायचं ते हे की लिमिटचा हिशेब रूलगणिक असतो. ही चेन चार ठिकाणांहून बोलावली तर चौघांचा कोटा एकच. कुणी पोर्ट चाळत सुटला की तो सगळा कोटा खातो, आणि त्याच वेळी पोस्टग्रेसवर होणारा खरा प्रयत्न लॉगमध्ये उमटतच नाही. म्हणून महत्त्वाच्या सर्व्हिससाठी मी स्वतंत्र नोंद-चेन करतो, वेगळ्या लॉग-प्रीफिक्ससह (नोंदीच्या सुरुवातीला येणारा शब्द).

चेन लागते आहे का, हे काउंटरच सांगतात. बोलावणाऱ्या रूलचा काउंटर म्हणजे आत किती गेले. आतल्या रूलवर किती निकालात निघाले ते वजा करा, उरले ते परतले. निकाल जातीच्या चेनमध्ये ही वजाबाकी शून्य यायलाच हवी. तरी कोडं सुटलं नाही तर रॉ टेबलच्या प्रीराउटिंगमध्ये (पॅकेट आत येताच लागणारी चेन) ट्रेस टार्गेट लावा. एका पॅकेटचा रूलगणिक प्रवास दिसतो. अट फक्त एका पत्त्यापुरती ठेवा, नाहीतर पूर येईल.

डेबियन १० पासून आयपीटेबल्सची आज्ञा मुळातच एनएफटेबल्सवर (आयपीटेबल्सची जागा घेणारी नवी यंत्रणा) चालते. व्हर्जन विचारलं की कंसात 'एनएफ टेबल्स' किंवा 'लेगसी' असं येतं. दोन्ही एकाच मशीनवर मिसळू नका, कारण एका आज्ञेला दुसरीचे रूल दिसत नाहीत आणि पॅकेटला मात्र दोन्ही लागतात. सरळ एनएफटेबल्समध्ये लिहायचं ठरवलंत तरी आतापर्यंत सांगितलेलं बहुतेक सगळं लागू आहे. हुक (कर्नलमधली पॅकेट पकडण्याची जागा) असलेली चेन ती बेस चेन, तिला पॉलिसी. बाकी चेन साध्या, शेवटी परत पाठवणाऱ्या. फरक एक मोठा: त्याच हुकवर पुढच्या प्रायॉरिटीची (म्हणजे क्रमाने नंतरची) दुसरी बेस चेन असेल तर पहिलीतला ॲक्सेप्ट अंतिम नसतो, पॅकेट दुसरीतही तपासलं जातं. ड्रॉप मात्र तिथल्या तिथे अंतिम.

आयपीव्ही६ साठी आयपी६टेबल्समध्ये हीच रचना वेगळी उभी करावी लागते, तुमच्या आत्ताच्या चेन तिकडे नाहीत. तिथे आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६ चे नियंत्रणाचे निरोप) सरसकट ड्रॉप करू नका. शेजारी शोधण्याचे १३५ आणि १३६ हे प्रकार अडवले तर मशीनचं आयपीव्ही६ बंदच पडतं.

तुमच्या जागी मी असतो तर आजच्या सगळ्या रूलची फाइल आधी बाजूला काढून ठेवली असती. मग इनपुटचा वरचा भाग लावला असता: लूपबॅक, चालू जोडण्या, इनव्हॅलिडला (कुठल्याच जोडणीत न बसणाऱ्या पॅकेटला) ड्रॉप, 'बंदी'. त्याखाली पोर्टगणिक 'ऑफिस'ला बोलावणारे रूल, वेबसाइटचा ॲक्सेप्ट, शेवटी 'नोंदवून टाक'. पॉलिसी ड्रॉप सगळ्यात शेवटी. हे आयपीटेबल्स-अप्लायने लावा. ठरलेल्या सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर तो जुने रूल परत आणतो, म्हणजे एसएसएच तुटलं तरी सर्व्हरपर्यंत धावत जावं लागत नाही. होकार देण्याआधी दुसरी खिडकी उघडून नव्याने लॉगिन करून पाहा, कारण पहिली खिडकी चालू जोडणीच्या रूलवर तरलेली असते. अख्खं टेबल बदललं की फेलटूबॅनची चेनही जाते, तेव्हा तो पुन्हा सुरू करा, आणि रूल जपून ठेवताना त्याच्या चेन त्या फाइलमध्ये घेऊ नका.

हे करण्याआधी इनपुटचे पहिले वीस रूल आणि डॉकर-यूझर चेन, काउंटर आणि ओळींच्या नंबरांसकट, पत्ते झाकून दाखवलेत तर तो एक पत्ता नेमका कुठून निसटतो ते मला ओळ दाखवून सांगता येईल.